क्वांटम कॅस्केड लेसर आणि वायुमापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, पर्यावरण प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आणि उपकरण विकत घ्यायला निघालेली मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांच्या टेबलावर लेसर आधीच येऊन बसला आहे, त्यांनी थेट सातव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

१. क्वांटम कॅस्केड लेसर साध्या लेसर डायोडपेक्षा वेगळा कसा?

दोन्ही अर्धवाहकाचेच, दोन्हींत विजेचा प्रवाह सोडला की प्रकाश निघतो. फरक आहे तो इलेक्ट्रॉनच्या वागण्यात. साध्या डायोडमध्ये वहनपट्ट्यातला (वरच्या ऊर्जेच्या पट्ट्यातला) इलेक्ट्रॉन खाली संयुजापट्ट्यातल्या होलमध्ये, म्हणजे रिकाम्या जागेत, पडतो, एक फोटॉन देतो आणि त्याचं काम संपतं. त्या फोटॉनची ऊर्जा दोन पट्ट्यांमधल्या अंतराएवढी असते आणि ते अंतर पदार्थानेच ठरवलेलं असतं. पदार्थ बदलल्याशिवाय रंग फारसा बदलत नाही.

क्वांटम कॅस्केड लेसरमध्ये होलला काही कामच नाही. इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत वहनपट्ट्यातच राहतो. अर्धवाहकाचे काही नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक रचले की त्या पट्ट्यात वेगवेगळ्या ऊर्जापातळ्या तयार होतात. इलेक्ट्रॉन त्यातल्या वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो आणि फोटॉन सोडतो. पातळ्यांमधलं अंतर थरांच्या जाडीवर ठरतं, म्हणजे तरंगलांबी रसायनशास्त्राऐवजी आराखडा काढणाऱ्याच्या हातात येते.

२. एकच इलेक्ट्रॉन अनेक फोटॉन देतो म्हणतात. मग ऊर्जा फुकट मिळते का?

नाही. कोयनेचं पाणी पोफळीला टर्बाइन फिरवतं आणि तेच पाणी पुढे कोळकेवाडीत पुन्हा वीज देतं. इथेही तसंच आहे: फोटॉन देऊन झालेला इलेक्ट्रॉन संपत नाही, पुढच्या टप्प्याच्या वरच्या पातळीत सोडला जातो आणि तिथे पुन्हा फोटॉन देतो. असे २५ ते ४० टप्पे असतात.

किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते. ४.६ मायक्रोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा साधारण ०.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. टप्पे ३० असतील तर नुसत्या प्रकाशासाठीच ८.१ व्होल्ट हवेत, शिवाय प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून हे लेसर १० ते १५ व्होल्टवर चालतात (याचा व्यवहारातला परिणाम प्रश्न १३ मध्ये). दिलेल्या विजेपैकी बहुतेक उष्णताच होते. पाचवा हिस्सा प्रकाशात आला तरी तो उत्तम लेसर समजायचा.

३. फक्त थराची जाडी बदलून तरंगलांबी कुठवर नेता येते?

इंडियम फॉस्फाइडच्या चकतीवर इंडियम गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम अॅल्युमिनियम आर्सेनाइड यांचे थर, ही सर्वांत रुळलेली जोडी. याच जोडीतून ४ पासून २० मायक्रोमीटरच्या आसपासपर्यंत लेसर बनले आहेत. साध्या डायोडने विचार केला तर यातल्या पहिल्या पदार्थातून १.७ मायक्रोमीटरच्या पुढे जाताच येत नाही.

मर्यादा दोन्ही टोकांना आहेत. तरंगलांबी कमी करायची तर पातळ्यांमधलं अंतर वाढवावं लागतं, पण इलेक्ट्रॉनला अडवणाऱ्या भिंतीची उंची या जोडीत सुमारे ०.५२ इलेक्ट्रॉनव्होल्टच आहे. भिंत ओलांडली की इलेक्ट्रॉन निसटला. ३ मायक्रोमीटरच्या आसपास काम करायचं तर ताण दिलेले थर किंवा वेगळे पदार्थ लागतात. दुसऱ्या टोकाला ३० मायक्रोमीटरच्या पुढे स्फटिकाची स्वतःची कंपनंच प्रकाश गिळतात. तो पट्टा ओलांडला की टेराहर्ट्झ सुरू होतं (प्रश्न १५).

४. हा लेसर कोणी बनवला?

कल्पना सोव्हिएत संघातली. लेनिनग्राडच्या इयॉफे संस्थेत कझारिनोव्ह आणि सुरिस यांनी १९७१ साली पातळ थरांच्या रचनेतून प्रकाशवर्धन होऊ शकेल असं मांडलं. प्रत्यक्ष लेसर चालायला १९९४ उजाडलं, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये. झेरोम फाइस्ट, फेदेरिको कापासो, डेबोरा सिव्हको, कार्लो सिर्तोरी, अॅल्बर्ट हचिन्सन आणि आल्फ्रेड चो हे त्या शोधनिबंधाचे लेखक. २५ टप्प्यांचा तो लेसर ४.२ मायक्रोमीटरच्या आसपास, अतिशीत तापमानात आणि तेही फक्त स्पंदांमध्ये चालत होता.

मधली २३ वर्षं का गेली? एक तर इतके पातळ थर हवे तसे वाढवण्याची कला तेव्हा नव्हती. आणि दुसरं, खालची पातळी वरच्या पातळीपेक्षा लवकर रिकामी झाली नाही तर लेसर होतच नाही. वरच्या पातळीत इलेक्ट्रॉन जेमतेम एक पिकोसेकंद टिकतो. त्याहून लवकर खालची रिकामी करायची युक्ती अशी की तिच्याखाली बरोबर एका फोनॉनच्या (स्फटिकाच्या कंपनाच्या एका पुडीच्या) ऊर्जेवर, म्हणजे सुमारे ३४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर, आणखी एक पातळी ठेवायची. स्फटिकाचं कंपन इलेक्ट्रॉनला क्षणात तिथे ओढून घेतं. एरवी ऊर्जा वाया घालवणाऱ्या फोनॉनला कामाला लावलं, हा मला या सगळ्या रचनेतला सर्वांत हुशारीचा भाग वाटतो.

खोलीच्या तापमानाला सलग चालणारा लेसर २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठात झाला. वायुमापनाचा बाजार खऱ्या अर्थाने त्यानंतर उघडला.

५. बारामतीच्या एका शास्त्रज्ञाचा याच्याशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं, पण शोधाशी नाही. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. १९७१ मध्ये लॉइड क्रॉइझर आणि पटेल यांनी लेसरने वायूत उमटणारा ध्वनी ऐकून हवेतला नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची पद्धत दाखवली. त्या वेळी क्वांटम कॅस्केड लेसर नव्हताच. पुढे पटेलांनी कॅलिफोर्नियात प्रॅनॅलिटिका ही कंपनी काढली आणि ती हेच लेसर बनवू लागली. ध्वनीच्या पद्धतीबद्दल प्रश्न ११ पाहा.

६. वायू ओळखायला हाच लेसर का? दूरसंचारातले स्वस्त डायोड का नाहीत?

रेणूंची मूलभूत कंपनं ३ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शोषतात. दूरसंचाराचे डायोड १.३ ते १.६ मायक्रोमीटरला असतात आणि तिथे सापडतात ती त्याच कंपनांची दुबळी अधिस्वरं (साधारण दुप्पट, तिप्पट वारंवारतेवरची शोषणं). कार्बन मोनॉक्साइड घ्या. मूलभूत शोषण ४.६ मायक्रोमीटरला, पहिलं अधिस्वर २.३ ला, ते शंभराहून अधिक पटींनी क्षीण, दुसरं १.५७ ला, ते हजारो पटींनी क्षीण.

म्हणून डायोड वाईट असं नाही. भट्टीच्या धुराड्यात टक्क्यांच्या घरात असलेला वायू मोजायचा असेल तर स्वस्त डायोडच घ्या. क्वांटम कॅस्केड लेसर तिथे उधळपट्टी आहे. तो लागतो तो अब्जांश भागांच्या, म्हणजे पीपीबीच्या मापनासाठी.

कोणता वायू कुठे, हा प्रश्न रोज येतो: नायट्रस ऑक्साइड ४.५ मायक्रोमीटर, कार्बन मोनॉक्साइड ४.६, नायट्रिक ऑक्साइड ५.२६, नायट्रोजन डायऑक्साइड ६.२ च्या आसपास, सल्फर डायऑक्साइड ७.४, मिथेन ७.७ ते ७.९, ओझोन ९.६, अमोनिया ९ ते १०.४.

७. प्रत्यक्ष मापन कसं होतं?

लेसरचा प्रवाह करवतीच्या दात्यासारखा चढवत नेतात. प्रवाहाबरोबर तरंगलांबी किंचित सरकते आणि वायूच्या एका शोषणरेषेवरून पार जाते. पलीकडच्या डिटेक्टरवर प्रकाशात खळगा दिसतो आणि खळग्याच्या खोलीवरून वायूचं प्रमाण काढतात.

खळगा किती खोल? स्वच्छ हवेत कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीबी धरला तर ४.६ मायक्रोमीटरच्या सशक्त रेषेवर एका मीटरमध्ये सुमारे ०.०६ टक्के प्रकाश शोषला जातो. एवढंसं मोजणं कठीण. म्हणून दोन अंतर्वक्र आरशांमध्ये किरण शेकडो वेळा उलटसुलट फिरवतात. त्या सेलमधली वाट ७६ मीटरची झाली की शोषण चार-साडेचार टक्क्यांवर जातं, आणि ते आरामात दिसतं.

दुसरी वाट म्हणजे प्रवाहावर काही किलोहर्ट्झची थरथर चढवायची आणि दुप्पट वारंवारतेवरचा संकेत लॉक-इन अॅम्प्लिफायरने (ठरावीक वारंवारतेचाच संकेत वेचणाऱ्या यंत्राने) उचलायचा. कमी वारंवारतेचा गोंगाट त्यामुळे मागे पडतो. मात्र या पद्धतीला अंशशोधन, म्हणजे प्रमाण ठाऊक असलेल्या वायूशी ताडून पाहणं, लागतं. थेट शोषणात रेषेची तीव्रता, दाब, तापमान आणि वाटेची लांबी ठाऊक असली की आकडा गणिताने निघतो.

८. सेलमधला दाब कमी का ठेवतात? हवा विरळ केली तर संकेतही कमी होईल ना?

इथे बहुतेकांची फसगत होते. वातावरणाच्या दाबाला रेणू सतत एकमेकांवर आपटतात आणि शोषणरेषा रुंद होते. दाब निम्मा केला की रेणू निम्मे होतात हे खरं, पण रेषाही निम्मी अरुंद होते. परिणामी शिखराची उंची जवळपास तेवढीच राहते आणि शेजारच्या रेषा सुट्या होतात. हे डॉप्लर रुंदीपर्यंत (रेणूंच्या स्वतःच्या वेगामुळे रेषेला येणाऱ्या रुंदीपर्यंत) चालतं. त्याखाली दाब नेला तर मात्र संकेत खरोखर घटतो. म्हणून ५० ते १०० मिलिबार हा बहुतेकांचा आवडता दाब.

९. पाण्याची वाफ किती त्रास देते?

खूप. ५ ते ७.५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात वाफेच्या रेषांचं जंगलच आहे, आणि नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड दोन्ही नेमके तिथेच. पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेत वाफ तीन टक्क्यांपर्यंत असते, तर मोजायचा वायू काही पीपीबी: फरक लाखो पटींचा. उपाय तीन: दाब कमी ठेवा (प्रश्न ८), वाफेपासून सुटी असलेली रेषा निवडा, आणि वाफेचीही रेषा त्याच झाडणीत घेऊन दुरुस्ती करा. हवा सुकवणारी नळी लावायची तर अमोनिया आणि नायट्रिक आम्ल नळीलाच चिकटतात हे ध्यानात ठेवा. लेसर निर्दोष असतो, खोटा आकडा टेफ्लॉनच्या नळीतून येतो.

१०. माहितीपत्रकात «०.१ पीपीबी» लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

आधी विचारा: किती सेकंदांच्या सरासरीला? किती लांबीच्या वाटेवर? प्रयोगशाळेच्या स्थिर तापमानात की उन्हात उभ्या व्हॅनमध्ये? सरासरीचा काळ वाढवला की गोंगाट कमी होतो, पण ठरावीक काळापर्यंतच. पुढे आरशांमधली व्यतिकरणाची पट्टी सरकू लागते आणि आकडा पुन्हा बिघडतो. अॅलन विचलनाचा आलेख मागा: सरासरीचा काळ वाढवत नेला की गोंगाट कसा बदलतो ते तो दाखवतो. तो देत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नका, हे माझं सरळ मत.

तापमानाचा हिशोबही करा. लेसर एका अंशाने तापला तर तरंगांक (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांची संख्या) सुमारे ०.१ प्रति सेंटीमीटरने सरकतो. कमी दाबातली रेषा याच्या दहाव्या हिश्श्याहूनही अरुंद असू शकते. त्यामुळे चिपचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागापेक्षा काटेकोर धरावं लागतं.

११. घड्याळातल्या क्वार्ट्झने वायू मोजतात, हे खरं?

हो. लेसर मधूनमधून रेणूंना तापवतो, वायू प्रसरण-आकुंचन पावतो आणि ध्वनी उमटतो. हा परिणाम अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच पाहिला होता. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या गटाने मायक्रोफोनच्या जागी मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा ठेवला. तो ३२,७६८ हर्ट्झला कंप पावतो आणि बाहेरच्या गोंगाटाला जवळजवळ दाद देत नाही. लेसरची तरंगलांबी त्याच्या निम्म्या, म्हणजे १६,३८४ हर्ट्झने हलवली की दुप्पट वारंवारतेचा संकेत चिमट्यावर येतो. नमुना काही घनसेंटीमीटर पुरतो आणि अवरक्त डिटेक्टर लागत नाही.

संकेत लेसरच्या शक्तीबरोबर वाढतो, म्हणून इथे जास्त शक्तीचा लेसर खरंच उपयोगी. आणि एक उलटी गंमत: कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइडचे रेणू शोषलेली ऊर्जा उष्णतेत सोडायला वेळ लावतात, पाण्याची वाफ असली तर ती लवकर सोडतात. प्रश्न ९ मधली वाफ इथे मदतीला येते. पण मग आर्द्रता मोजून दुरुस्ती केल्याशिवाय आकडा विश्वासाचा राहत नाही.

१२. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन याने मोजता येतील का?

नाही. दोन सारख्या अणूंचा रेणू कंप पावला तरी त्यात द्विध्रुव तयार होत नाही, त्यामुळे मध्य-अवरक्तात तो व्यवहारात पारदर्शक. क्लोरीनचंही तेच. ऑक्सिजनसाठी ७६० नॅनोमीटरचा साधा डायोड वापरतात.

१३. माझ्याकडे लेसर डायोडचा ड्रायव्हर आहे. तोच जोडू का?

जोडू नका. डायोडचे बरेच ड्रायव्हर (प्रवाह पुरवणारी यंत्रं) ३ ते ५ व्होल्टच देऊ शकतात. इथे १० ते १५ लागतात. प्रवाहही शेकडो मिलिअँपिअर. शिवाय प्रवाहातला गोंगाट थेट तरंगलांबीत उतरतो, म्हणून कमी गोंगाटाचा खास ड्रायव्हर घ्यावा लागतो. ध्रुवता दोनदा तपासा: चिप उलटी बसवलेली असेल तर धन-ऋण अपेक्षेच्या उलट असतं आणि चुकीची जोडणी क्षणात लेसर संपवते. एकरंगी लेसर आजही हजारो डॉलरचा आहे. पेल्टियरने (विजेवर चालणाऱ्या शीतक चकतीने) थंड करताना दवबिंदूच्या खाली जाऊ नका. कोकणातल्या पावसाळी हवेत हा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो.

१४. किरण मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसेल का? डोळ्यांना धोका आहे का?

दिसणार नाही. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश मोबाइलमध्ये दिसतो, पण सिलिकॉनची नजर १.१ मायक्रोमीटरपुढे जात नाही. जवळच्या अवरक्तासाठीची चमकणारी कार्डंही निरुपयोगी. उष्णतेने रंग बदलणारा द्रवस्फटिकाचा तक्ता किंवा उष्णता-कॅमेरा वापरा.

हा प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचत नाही, पारपटलातच (कॉर्नियातच) शोषला जातो. याचा अर्थ निर्धोक असा नाही: पारपटल भाजतं, आणि न दिसणाऱ्या किरणापासून कोणी आपोआप तोंड फिरवत नाही. साध्या काचेची भिंगं ४-५ मायक्रोमीटरपुढे अपारदर्शक, म्हणून झिंक सेलेनाइडची भिंगं लागतात. ती फुटली तर तुकडे हाताने उचलू नका, पदार्थ विषारी आहे.

१५. टेराहर्ट्झ क्वांटम कॅस्केड लेसर वायुमापनाला चालेल का?

रोजच्या कामाला नाही. पहिला २००२ मध्ये ४.४ टेराहर्ट्झला चालला, इटलीतल्या पिसा आणि इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या गटांच्या सहकार्यातून. तिथे फोटॉनची ऊर्जा इतकी कमी असते की खोलीच्या तापमानाची उष्णताच पातळ्या भरून टाकते. आजही त्याला थंडीची गरज आहे. खगोलशास्त्रात मात्र त्याला मोल आहे.

१६. एकाच लेसरने अनेक वायू मोजता येतात का?

चिपवर जाळी (एकच तरंगलांबी निवडणाऱ्या बारीक रेघा) कोरलेला एकरंगी लेसर काही प्रति सेंटीमीटर एवढाच सरकतो. त्यात दोन-तीन वायूंच्या रेषा शेजारी असल्या तर नशीब. नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड असे एकत्र मिळतात. बाहेरून फिरती जाळी लावलेला लेसर शंभराहून अधिक प्रति सेंटीमीटर फिरतो. मोठ्या, रुंद शोषणाच्या सेंद्रिय रेणूंना तो हवा, पण यांत्रिक भाग हलतात आणि किंमत चढते. झुरिकच्या ईटीएचने २०१२ मध्ये दाखवलेला वारंवारता-कंगवा, म्हणजे समान अंतरावरच्या अनेक वारंवारता एकदम देणारा लेसर, हा तिसरा मार्ग.

१७. मंगळावरच्या क्युरिऑसिटीत मिथेन शोधणारा लेसर हाच ना?

नाही, आणि हा गोंधळ सर्रास होतो. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या त्या गाडीत ३.२७ मायक्रोमीटरचा इंटरबँड कॅस्केड लेसर आहे. टप्पे त्यातही असतात, पण प्रत्येक टप्प्यात इलेक्ट्रॉन संयुजापट्ट्यात पडतो (प्रश्न १ मधल्या डायोडसारखा). ३ ते ६ मायक्रोमीटरमध्ये तो फार कमी विजेवर चालतो. बॅटरीवरचं उपकरण बनवायचं असेल तर आधी त्याचाच विचार करा.

१८. श्वासावरून दम्याचं निदान करणारी यंत्रं यावर चालतात का?

तत्त्वतः चालू शकतात. दवाखान्यात दिसणारी लहान यंत्रं बहुतेक विद्युत-रासायनिक संवेदकाची असतात. प्रौढांच्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड २५ पीपीबीपेक्षा कमी असेल तर श्वासनलिकेत इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे आलेली सूज असण्याची शक्यता कमी, ५० च्या वर असेल तर जास्त, असा निकष वापरतात. पण नुसत्या आकड्याने निदान होत नाही, ते डॉक्टरांचं काम. लेसरचा फायदा श्वासाच्या एकाच फुंकरीत क्षणाक्षणाचा आलेख मिळण्यात आहे. फुंकर सेकंदाला ५० मिलिलिटर या ठरलेल्या वेगानेच हवी. वेग बदलला की आकडा बदलतो.

१९. समस्थानिकं वेगळी ओळखता येतात का?

समस्थानिकं म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू. ती ओळखता येतात, आणि इथे हा लेसर वस्तुमान-वर्णपटमापकाला मागे टाकतो. नायट्रस ऑक्साइडच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, एक मधला आणि एक टोकाचा. जड नायट्रोजन कुठल्या जागी बसलाय यावर मातीतल्या कोणत्या जिवाणुक्रियेतून वायू आला याचा सुगावा लागतो. दोन्ही रेणूंचं वस्तुमान सारखंच, त्यामुळे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला रेणू फोडून तुकडे तपासावे लागतात. लेसरला दोघांच्या रेषा वेगळ्या जागी दिसतात. अट एकच: तापमान फार काटेकोर धरा, कारण विरळ आणि मुबलक रेणूंच्या रेषांची तीव्रता तापमानाने वेगवेगळी बदलते, आणि एका अंशाच्या छोट्याशा हिश्श्याएवढी चूकही समस्थानिकांचं गुणोत्तर बिघडवते.